एक कप, एक बशी

ती २०२३ सालची गोष्ट. जाफराबादच्या स्टँडवर भगवतीदेवी जालन्याच्या गाडीसाठी थांबल्या होत्या. बाकावर शेजारी बहिणीच्या गावची ग्रामसेविका कनिका आणि तिथल्याच जुन्या सरपंच कमरुन्निसा बोलत होत्या.

"चाची, मी जालन्याला बदली मागायला चालले. पाण्याची टाकी भागवत सरपंचांना वरच्या आळीत पाहिजे, सोपान उपसरपंचांना खालच्या. मी मधात भरडून राह्यले."

"मंग तू काय केलं, बेटा?"

"दोघांना वेगळं बसवलं. चहासुद्धा वेगळा पाठवला."

"तिथंच चुकली! यांचे बाप माझ्यापुढं असेच भांडायचे. मी दोघांत एकच चहा द्यायची. एकाला कप, एकाला बशी. कपवाल्यानं ओतल्याबिगर बशीवाल्याला घोट न्हाई."

"आणि बशी कोणी घ्यायची?"

"त्याच्यावरच पुन्हा भांडण! पार हसू येईस्तोवर. काय दिवस होते!"

"आता कागदी कप आहेत, चाची."

"माझी कपबशी हाय ना घरी. कान तुटलाय कपाचा, पण चालतंय."

"गाडी लागली."

"जा मंग. बदली झाली तर भेटून जाय."

गाडी हलली तेव्हा भगवतीदेवींनी खिडकीतून पाहिलं. दोघी गावाच्या जीपकडे चालल्या होत्या.

पुढचं बहिणीकडून कळलं. टाकी दोन्ही आळ्यांच्या मधे, शाळेमागं झाली. कनिका अजून तिथंच आहे. चाची गेल्या वर्षी गेल्या. मयतीहून परतल्यावर भागवत आणि सोपान पंचायतीत बसले, आणि बशी कोणी घ्यायची यावरून बराच वेळ भांडले.