गिरणीसमोरची चौकी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे गिरणीमालक आणि इतर मान्यवर, आज निवृत्त होणारे आमचे मोठे साहेब, आणि जागा नसल्याने दारापर्यंत दाटीवाटीने उभे असलेले वस्तीतले लोकहो,

साहेबांबद्दल बोलण्याचा मान मी मागून घेतला. आज सकाळी त्यांच्या खुर्चीचा ताबा घेतला, ती बदलीही मागूनच घेतली होती.

साहेब इथे आले तेव्हा काठी घेऊन फिरणारे दोन राखणदार, एवढाच काय तो बंदोबस्त. मग गिरणी आली, कापड रंगवायचा कारखाना आला, पाठोपाठ माणसांचे लोंढे आले. राखणदारांना कोण जुमानणार? मालकांनी जागा दिली, बांधकाम करून दिलं आणि गिरणीच्या फाटकासमोर चौकी उभी राहिली. पुढे शिट्ट्या आल्या, लॉरी आली, मागे खोल्या वाढल्या. साहेबांनी पोलीस दल उभं केलं, यात शंका नाही. चोऱ्या वस्तीत व्हायच्या आणि गस्त मात्र मालकांच्या कुंपणाभोवती असायची. असो. कौतुकाच्या दिवशी उणं कशाला काढा!

एक आठवण सांगते. संप चालू होता. सूतखात्यातल्या एका बाईचा थोरला मुलगा नळावर पाणी भरत होता. साहेबांनी त्याला मानगूट धरून चौकीत नेलं. पुढारी होता म्हणे. तो परत आला नाही. आई रोज कामावरून सुटली की चौकीत जायची. साहेब चहा पीत म्हणायचे, "बाई, पळून गेलं तुमचं पोर. जा, धाकटीला सांभाळा."

ती धाकटी मी. चांगलं सांभाळलं आईने, साहेब.

ती पहिल्या रांगेत बसली आहे. मघाशी तुम्ही तिला नमस्कार केलात. ओळखलं मात्र नाहीत.

तुमचे जुने हवालदार अखेर दंडाधिकाऱ्यांपुढे बोलले. "मारता मारता गेला. मागच्या खोलीचं काम चालू होतं. साहेब म्हणाले, इथेच पुरा." आज दुपारी, तुम्ही मालकांच्या बंगल्यावर मेजवानीला असताना, आम्ही ती फरशी उखडली. हाडांभोवती चामड्याचा पट्टा होता. मागाच्या टाकाऊ पट्ट्यातून दादाने स्वतः कापलेला, भोकं वाकडीतिकडी. आईने तो हातात घेतला. "माझ्याच पोराचा," म्हणाली. रडली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता त्याला सोडू नकोस."

चौकीतल्या एकाही शिपायाने तुमच्या कानावर काही घातलं नाही. त्याबद्दल त्या सर्वांचे मी जाहीर आभार मानते. मालक, तुम्हीही बसा. बांधकाम तुमचं होतं, थोडं विचारायचं आहे.

समारंभाचा विरस झाला असेल, तर श्रोत्यांनी मोठ्या मनाने समजून घ्यावं. शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे.

उठा साहेब. आणि मागच्या दाराने नको, पहिल्या रांगेसमोरून चला. आईला तुमचं तोंड जवळून बघायचं आहे.