मासळीच्या जागा

पनवेल स्टँडवर उरणची गाडी अजून लागली नव्हती. मागच्या बाकावर करंजाचा एक नाखवा मुलीशी बोलत होता.

"विनिता, मासली लागते त्या सगल्या जागा त्या फाईलीत हायत. कुठं नेलीस ती?"

"क्लाऊडवर, बाबा. भाड्याचा जुना सर्व्हर बंद होतोय."

"वाटंत कोनी बघितली तं? उद्या सगल्या होड्या तिथंच जाली टाकतील."

"निघायच्या आधीच तिला कुलूप घातलं. वाटेत कुणाच्या हाती लागली तरी वाचता येणार नाही."

"आन जुन्या ठिकानी?"

"दोन्हीकडची फाईल जुळवून बघितली, मगच तिथली पुसली."

"चावी कोनाकडं?"

"पासवर्ड माझ्या एकटीकडे. प्रणितदादाला देऊ?"

"तो जासईच्या कंटेनर यार्डात रमला. तू बघितल्यास जागा?"

"नाही. फाईल न उघडताच जुळवली. पोरींना कुठे दाखवतोस तू?"

नाखवा आवाज खाली आणून म्हणाला,

"उघड ती फाईल. नको, इथं नको, मानसं ऐकतात. होडीवर उघडू."

"होडीवर? मला नेणार?"

"मंग? चावी काय एकटी येल?"