ठराव पास, डॉक्टर नापास

चौतीस सालची गोष्ट. रेवस बंदराच्या अलीकडे आमची आगबोट ओहोटीच्या गाळात रुतली आणि आम्ही सगळे भरतीची वाट पाहत बसलो. समोर मांडीवर हार घेतलेले एक डॉक्टर होते आणि मुंबईला मासळी विकून परतणारी त्यांच्या गावची मनुबाई.

“हार हाय, म्हंजे निवडून आलाव ना डाक्तर?”

“पडलो, मनुबाई. सगळ्या देशातल्या डॉक्टरांच्या देखत पडलो.”

“मंग हार कसला?”

“तो माझ्या ठरावाचा. डॉक्टरनं शहर सोडून खेड्यात राहावं, असा ठराव मांडला. तासभर बोललो. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.”

“आनि लोकांच्या?”

“लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठराव एकमतानं पास. मग लगेच परिषदेच्या अध्यक्षाची निवडणूक.”

“तवा तर तुमालाच देनार मतं!”

“मलाही तसंच वाटलं. पण अध्यक्षाला मुंबईत राहावं लागतं. एकजण उठून म्हणाला, असा माणूस खेड्यातून उचलून आणला तर आपल्याच ठरावाचा अपमान होईल. झालं! निवडून आला गिरगावातला. त्याला होडी नुसती बघूनच ओकारी येते.”

“मंग तुमी?”

“मी काय करणार? टाळ्या वाजवल्या.”

“डाक्तर, खरं सांगू? मला मत असतं तर मीबी त्यालाच दिलं असतं.”

“का गं?”

“तुमी मुंबईला गेलाव तर आमच्या धन्याचा पाय कोन बघनार?”

“तिकडेही सगळे हेच म्हणाले, मनुबाई. फक्त म्हणताना हसत होते.”