ओळखा, आत काय घातलंय!

—नाही नाही, त्या खुर्चीवर नको, सिस्टर! तिच्या गादीखाली फुगा आहे, बसलं की नको तो आवाज येतो. तो विमावाल्यासाठी लावून ठेवलाय, तुमच्यासाठी नाही. तुम्ही या स्टुलावर बसा, इथं, ओट्याजवळ. पर्स एवढी घट्ट कशाला धरलीय? मी चोर नाही हो, फक्त चावट आहे. लेकीनं पाठवलंय ना तुम्हाला? म्हणाली असेल, बाबांचं बीपी बघून या. बीपी तर तुमचं बाहेरच्या खोलीत बघून झालं — मग स्वयंपाकघरात मान लांब करून काय बघत होता? मला कळतं सगळं. बाबा एकटे राहू शकतात का, ते बघायचं आणि आज तिला फोन करायचा. असंच ना? नाही म्हणू नका, कान लाल झाले तुमचे. मग बघा की! हा म्हातारा धडधाकट आहे, ओट्सची बिस्किटं करतोय. कुकी म्हणायचं म्हणे आता. म्हणा. पिठाला काय फरक पडतो?

हा पहिला ट्रे झालाय, गार होतोय. घ्या एक. घ्या हो, लाजता काय! पण खायच्या आधी — हां, हा आमच्या घरचा नियम — नाकाशी धरायचं आणि ओळखायचं, आत काय घातलंय. दूधवाला ओळखतो, वरच्या मजल्यावरची मास्तरीण ओळखते. रोज नवीन काहीतरी असतं ना माझं. संत्र्याची साल, काळी मिरी, अक्रोड, एकदा तर कुरकुरीत तळलेला कांदा — मास्तरीणबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. काय मजा आली! पोस्टमननं मागच्या खेपेला अर्धं खाल्लं आणि गॅलरीतून थुंकला. मी म्हटलं, फसला! फसला! लोणी खवट झालेलं होतं, मला काय कळणार — म्हणजे — कळलेलं होतं. मुद्दामच घातलं. गंमत. तुम्ही हसत नाही का हो कधी? दवाखान्यात हसायला मनाई आहे का?

थांबा, दुसरा ट्रे लावतो आधी, बोलता बोलता पीठ सैल पडायचं. ओव्हनची गॅसची कळ ही अशी — फिरवली. आता काडेपेटी. काडेपेटी — आता बघा गंमत. लेकीनं कामवालीला सांगून ठेवलंय, बाबांच्या काड्या लपव. ती आली की आधी काडेपेटी पदराखाली दडवते. पण मी त्या लेकीचा बाप आहे! एक कामवालीनं नेली की मी दुसरी आणतो आणि अशा जागी ठेवतो, की तिच्या सात पिढ्यांना सापडायची नाही. पिठात! डब्यात, खोल, तळाशी. आता प्रश्न एवढाच, की मघाशी तुमची बेल वाजल्यावर घाईत कुठल्या डब्यात दडवली. लेकीनं सगळे डबे सारखे आणलेत, बाहेर चिठ्ठ्या डकवल्यात. छान अक्षर आहे म्हणतात तिचं. मला काय, काळ्या मुंग्या. मी आयुष्यभर झाकण काढायचो, हुंगायचो, की झालं — हा सोडा, ही सुंठ, ही दालचिनी. बेकरीच्या भट्टीवर जन्म काढला, सिस्टर. घड्याळ नव्हतं आमच्याकडे. मालक विचारायचा, झाली का रे? मी दुसऱ्या खोलीतून नाक वर करायचो आणि सांगायचो, अजून दोन बिड्या. दोन बिड्या ओढून होईपर्यंत पाव तयार!

आता हलवून बघतो. ऐका — खडखड, हे अक्रोड. धप धप, ह्या मनुका. हे असं कानानं चालतं. पण पावडरी सगळ्या मुक्या. दालचिनी आणि कॉफी, तुम्हीच सांगा, हलवून कशी ओळखायची? म्हणून तर — म्हणून तर काही नाही. ह्या डब्यात नाही काडेपेटी. हा ओट्सचा बघू.

काय झालं? नाक का मुरडता? वास येतोय? येतोय ना! बघा, मी म्हटलं नव्हतं? कसला येतोय, सांगा. दालचिनीचा का कॉफीचा? कळत नाही? असं कसं कळत नाही, तुमचं नाक तर चालतंय! जरा दमानं घ्या. गोड आहे का कडवट? अहो, उठता कशाला, बसा. खिडकी नका उघडू, वाऱ्यानं ओट्स उडतात, बाहेर मांडलेत सगळे. हे बघा, मला हे एकच सांगा, बाकी लेकीला काय वाटेल ते सांगा — ह्या बिस्किटात मी काय घातलंय? मी विसरलो नाही हो! विसरायला आधी माहीत तर पाहिजे. त्या तापानंतर — ताप आला होता, थंडीत, लेकीला कळवलं नाही, उगाच धावत आली असती — त्या तापानंतर हे नाक नुसतं चष्मा ठेवायला उरलंय. चव पण गेली. कांदा काय, सफरचंद काय. येणाऱ्याला म्हणतो, ओळखा! ते ओळखतात, मग मला कळतं, आपण काय केलं ते. त्यांना वाटतं म्हातारा खेळतोय. खेळतोच की. हे लेकीला नाही सांगायचं हं, सिस्टर. शपथ आहे. तिच्याकडे ओव्हनमध्ये कढया ठेवतात. मला तिथं नेऊन खुर्ची देतील आणि टीव्ही.

कुजका? बिस्किटाला कुजका वास म्हणता? कुजक्या अंड्यासारखा? अहो, अंडं घातलंच नाही मी ह्यात! थट्टा करता होय म्हाताऱ्याची? चांगल्या तयार झालात की — हां! सापडली! बघा, ओट्सच्या तळाशी, कोरडी ठणठणीत. कुठं पळता? आधी पेटवतो, मग तुम्ही परत हुंगा, जरा तापलं की वास खुलतो, मग तुम्हाला बरोबर—

अहो! अहो, हात सोडा! सिस्टर, शेजारीण बघेल, काय म्हणेल, ह्या वयात — काडेपेटी का हिसकावता? लागलं ना मला. काय? काय चालू आहे? कळ? कळ मी आत्ताच तर — काडी शोधायच्या आधी—

...

किती वेळ चालू होती?

बंद झाली ना? नीट बघा. उघडा, खिडकी उघडा, दोन्ही उघडा. उडू देत ओट्स. दिव्याचं बटण नका दाबू.

फसवलं तुम्हाला. कशी घाबरलात? मला माहीत होतं हो, मुद्दामच केलं — गंमत — हसा ना.

बरं. नका हसू.

वरती मास्तरीणबाईंची मुलं झोपलीत ह्या वेळी.

पोरी, ती काडेपेटी तुझ्या पर्समध्ये टाक. कळ काढता येते, ओढली की निघते, तीही ने. आता फोन कर. माझ्यासमोर नको, खाली जाऊन कर. नाकाचंही सांग. ती रडेल, तर म्हणावं, कढया काढून ठेव ओव्हनमधनं. पीठ मी मळीन. पेटवायचं तिनं, हुंगायचं तिनं.

जा आता. जा म्हटलं ना. — आणि हे बिस्किट विसरलीस. ने. जिन्यात खा. खाल्लंस की खालून ओरडून सांग मला, आत काय आहे.