फोटोतला अंधार कमी केला तेव्हा

माझं माहेर तुमसरकडचं, भंडारा जिल्ह्यातलं. इकडच्या लोकाईले भंडारा म्हटलं की जेवणाचा भंडारा वाटते, मंग मलेच सांगावं लागते की नाई हो, जिल्हा आहे तो. बाबाची धानाची शेती होती अन् माय आठवडी बाजारात बांगड्या विकायची. मी तिच्या बाजूले बसायची. बाया यायच्या, पदर पुढं करायच्या, म्हणायच्या याच्यावर कोणत्या जमतीन गं पोरी, अन् मी ढिगातून बरोब्बर काढून द्यायची. मोरपंखी वेगळा, पोपटी वेगळा, शेवाळी वेगळा, दोन हिरवे कधी एक नसतात, हे मले अ आ इ ई यायच्या आधी समजत होतं, काय सांगू तुमाले. माय म्हणायची, कुंदे, तुले डोळे देताना देवानं हात आखडला नाई.

लग्न झालं अन् पुण्यात आली. आमचे हे चाकणकडं कारखान्यात, खोली विश्रांतवाडीत, तिथंच आहो अजून, फक्त खोलीचा आता फ्लॅट झाला. पहिल्या पहिल्यानं लय एकटं वाटे. मी बोलली की लोक पाहत राहत. एका किराणा दुकानात म्हणली, मले साखर द्या, तर तो दुकानदार म्हणते, मले म्हणजे कोणाला? मी म्हणली, मलेच. त्यानं दिली बापडा. इतकी वर्षं झाली, माझी भाषा काही सुटली नाई, अन् आता सोडायची बी नाई.

मंग शेजारच्या बाईनं सांगितलं की नारायण पेठेत एक फोटो स्टुडिओ आहे, तिथं लग्नाच्या अल्बमची पानं लावायले बाई पाहिजे. गेली मी. मालकाईले सगळे अप्पा म्हणत, सत्तरी ओलांडलेली, पांढरा लेंगा, कधी हसले तर बातमी व्हावी असा माणूस. मले म्हणाले, पाणी माठात आहे, पंखा तीनच्या वर फिरवायचा नाही, काही विचारायचं असेल तर आजच विचारा, उद्या मला वेळ नाही. मी घरी येऊन रडली. आमचे हे म्हणाले, अगं, ते रागावले नाई, ते बोलतातच तसे. ते खरं होतं. त्या माणसाइतका मायाळू माणूस मी पाह्यला नाई, पण ते त्याईच्या तोंडाले माहीत नव्हतं.

पानं लावता लावता एक दिवस मी म्हणली, अप्पा, या नवरीचा चुडा निळा दिसते. अप्पांनी चष्मा चढवला. म्हणाले, हिरवा आहे. मी म्हणली, हिरवा होता, फोटोत निळा झाला, अन् तसंच तिच्या गालाचं झालं, आजारी दिसते पोरगी. अप्पा आपल्या कामाले लागले. पण त्यांचा जो माणूस कॉम्प्युटरवर फोटो सुधारायचा तो सीझनच्या तोंडावर नोकरी सोडून गेला, तवा अप्पांनी मले हाक मारली अन् त्या खुर्चीकडं बोट दाखवलं. म्हणाले, बसा. मी म्हणली, मले येत नाई. ते म्हणाले, जो गेला त्यालाही येत नव्हतं, पण तो आठ वर्षं बसला.

शिकवलं त्याईनंच. पडद्यावर बाजूले अशा दांड्या असतात, माउसनं सरकवायच्या. एक सगळा फोटो उजळवते. एक नुसता अंधाराचा भाग उजळवते, तिले शॅडो म्हणतात. एक कॉन्ट्रास्टची, ती काळ्याले अजून काळं करते अन् पांढऱ्याले अजून पांढरं, थोडी दिली तर फोटोत जीव येते, जास्त दिली तर माणसं कोरून काढल्यासारखी दिसतात. अन् एक रंगाची. मी पहिल्या लग्नात ती रंगाची दांडी अशी ताणली, अशी ताणली, मले वाटे किती सुंदर, शेंदरी, पिवळं, लाल. अप्पा मागं येऊन उभे राहिले अन् म्हणाले, कुंदाताई, हे लग्न आहे की गाजर हलवा? सगळे वऱ्हाडी नारिंगी झाले होते हो! मी इतकी हसली, इतकी हसली, अन् अप्पांच्या मिशीखाली बी काहीतरी हललं. त्या दिवसापासून मी आधी चेहरा पाहते, मंग साडी. पोरींच्या आया येतात, म्हणतात जरा गोरी करा ना. मी म्हणते, तोंडावर उजेड आणते, गोरी करत नाई, सासरी ओळखतीन कशी तिले?

आता तुमाले ती गोठ सांगते, जिच्यासाठी तुम्ही आल्या.

स्वारगेटजवळच्या एका हॉलमधलं लग्न होतं. नवरी शाळेत शिक्षिका, गार्गी नाव तिचं, इथलीच, पेठेतली. नवरा आयटीतला, आमच्याकडचा, नागपूरचा, जात वेगळी. तिच्या बाबाले हे पसंत नव्हतं. बँकेतून रिटायर झालेला माणूस, ना शिवी दिली ना आरडाओरडा केला. एवढंच म्हणाले, तुमचं चालू द्या, मला त्या दिवशी काम आहे. झालं. आई एकटी लग्नाले आली, कन्यादान मामा-मामीनं केलं. हे मले तवा काई माहीत नव्हतं, मागून समजलं. माझ्याकडं आले ते फक्त फोटो.

अन् फोटो कसे? ऐन मंगलाष्टकाच्या वेळी हॉलचे अर्धे दिवे गेलेले, फोटोग्राफरचा फ्लॅश बी बंद पडला. स्टेजवर थोडासा उजेड, बाकी मागं सगळी काजळी. अप्पांनी पाहिलं अन् म्हणाले, गिऱ्हाइकाला सांगू, मुहूर्त अमावास्येचा होता. पण कॅमेऱ्यानं जे टिपलं असते ना, ते पडद्यावर दिसते त्याच्याहून जास्त असते. अंधारात बी असते काई काई, काढावं लागते. मी बसली. शॅडोची दांडी हळूहळू सरकवली. खुर्च्या दिसाले लागल्या, मंग मावश्या, मामे, मंग मागचं दार, दाराजवळचा खांब. अन् त्या खांबाआड एक माणूस. साधा पांढरा शर्ट, काखेत कापडी पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी वर आलेली. चष्मा काढून हातात घेतला होता अन् दुसऱ्या हाताची मूठ आवळलेली. पुढच्या फोटोत ती मूठ उघडून हात वर गेलेला, म्हणजे अक्षता टाकल्या होत्या त्यानं, तिथूनच, स्टेजपर्यंत पोचणार नाई इतक्या दुरून. त्याच्या पुढच्या फोटोत नुसता खांब.

अप्पा म्हणाले, तो भाजीवाला काढून टाका, मागे काळं करा, अल्बम स्वच्छ दिसेल. तसंच करतात, त्याईचं चुकलं नाई. पण मी म्हणली, अप्पा, फुकट जेवाले आलेला माणूस जेवणाच्या बाजूले उभा राहते, हा दाराच्या बाजूले आहे. अन् याच्या तोंडाकडं पाहा. अप्पांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मंग म्हणाले, राहू द्या. गिऱ्हाइकाला विचारू.

गार्गी अन् तिचा नवरा फोटो निवडाले आले. तो फोटो निघाला तशी ती म्हणाली, हा घालू नका, यात काहीच दिसत नाहीये. मी म्हणली, थांबा ताई, दिसते. अन् दांडी सरकवाले लागली. खुर्च्या आल्या, मावशी आली, ती हसली, म्हणाली, मावशी मोबाइल बघतेय बघ! मंग खांब आला. ती बोलता बोलता थांबली. म्हणाली, अजून थोडं. मी अजून थोडं केलं. म्हणाली, मोठं करा. मी मोठं केलं. तिनं स्क्रीनले बोट लावलं, तिथं, त्या पिशवीले. म्हणाली, बाबा.

नवरा म्हणाला, कुठे? ती म्हणाली, अरे, आई त्या दिवशी घरी गेली तर टेबलावर मेथी निवडून ठेवलेली होती, आई मला फोनवर म्हणाली, बघ, मुलीच्या लग्नाच्या दिवशी हा माणूस मेथी निवडत बसला, मी किती रडले रे त्यावर. अन् पुन्हा रडाले लागली, पण हे रडणं वेगळं होतं, हसत हसत होतं. मी बी रडली. अप्पा उठून माठाकडं गेले.

तिनं तिथूनच फोन लावला. लग्नापासून बापलेकीचं बोलणं नव्हतं. स्पीकरवर ठेवला. पलीकडून आवाज आला, बोला. ती म्हणाली, बाबा, मेथी कशी होती? रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. पलीकडं काईच नाई, मले वाटलं ठेवला फोन. मंग तो माणूस म्हणाला, जरा निबर होती. अन् थोडं थांबून म्हणाला, रविवारी जेवायला या. दोघं.

असे हे पुण्याचे लोक! आमच्याकडं असतं तर गावभर रडारड झाली असती, गळ्यात गळे पडले असते. इथं मेथी निबर होती म्हणाले अन् सगळं मिटलं.

पण थांबा, संपलं नाई. रविवार यायच्या आधीच, लेकीकडून समजलं असन, ते बाबा स्वतः दुकानात आले. छत्री टेकवली अन् म्हणाले, माझा फोटो माझ्या परवानगीशिवाय कोणी उजळला? अप्पा म्हणाले, तुम्ही आमंत्रणाशिवाय लग्नाला गेलात, तुम्ही परवानगीचं बोलू नका. मी तर घाबरलीच. पण ते बाबा छत्री बाजूले ठेवून खुर्चीवर बसले अन् माझ्याकडं वळून म्हणाले, बाई, माझा शर्ट इतका पांढरा नव्हता. थोडा पिवळट आहे तो. मी म्हणली, बरोबर आहे, दिव्याचा निळेपणा काढताना तो जास्त पांढरा झाला, आत्ता करते. केला. त्याईनं मान हलवली. मंग एकदम हळू आवाजात म्हणाले, मला इथून उचलून स्टेजवर ठेवता येईल का? गार्गीच्या आईच्या शेजारी?

आता येते तसं करता, ताई. कापून लावता येते, सावली बी देता येते, कोणाच्या बापाले समजणार नाई. पण मी अप्पांकडं पाहिलं. अप्पाच म्हणाले, स्टेजला पायऱ्या होत्या हो. कडक बोलले, पण मंग खुर्ची पुढं ओढून म्हणाले, असं करा, रविवारी जेवण झालं की सगळ्यांना घेऊन इकडे या. मी स्वतः फोटो काढतो. दुकान उघडतो रविवारचं.

रविवारी अप्पांनी दुकान उघडलं, हीच मोठी बातमी होती. आले सगळे. गार्गी लग्नाचा शालू नेसून, नवरा फेटा बांधून, आई नथ घालून, अन् बाबा नव्या कोऱ्या शर्टात, घडीची रेष बी तशीच. उभं कसं राहायचं त्यावरून गार्गीच्या आई-बाबाचं भांडण झालं. जावयानं हळूच म्हटलं, बाबा, तुम्ही मधात या. तर बाबा म्हणाले, मधात नाही, मध्ये. सगळे असे हसले, त्याच वेळी अप्पांनी बटण दाबलं. त्या फोटोत सगळ्याईचे डोळे अर्धे मिटलेले, नथ तिरपी, फेटा सुटलेला. पण तोच निवडला त्याईनं. मी रंग पाहिला, कॉन्ट्रास्ट पाहिला, दांडीले हात लावला अन् सोडून दिला. सांगितलं अप्पाले, याले काई लागत नाई.

आता अप्पा रोज येत नाईत, गुडघे दुखतात, आले की मागं उभे राहून काहीतरी टोचून बोलतात अन् मले बरं वाटते. दुकान मीच पाहते म्हणा ना. लोक म्हणतात, आता मोबाइल आपोआप फोटो सुधारते, तुमचं काम जाईन. जाईन तेव्हा जाईन. माझी पोरगी इंजिनिअरिंगले आहे, ती म्हणते, आई, तू दिवसभर दुसऱ्याच्या लग्नात बसते. मी म्हणते, हो बाई, अन् एकही जेवण मिळत नाई! पण मजेत आहे मी, खरं सांगते. सकाळी कॉम्प्युटर लावला की समोर हसणारी माणसंच माणसं, अशी नोकरी कोणाले भेटते?

तुमच्या घरी बी कार्य निघो, ताई, भरल्या घरात होवो. अन् कोणी रुसून दाराशी उभं असलं तर त्याले आधी हाताले धरून आत आणा. फोटो मंग कसे का येईनात, त्याचं मी पाहून घेईन.