मांडीवरचे बारा शब्द

...ही परीक्षा नाही, पास-नापास काही नाही, असं त्या बाईच म्हणाल्या, आणि तुम्हाला सांगतो, तिथंच माझा घात झाला! परीक्षा नाही, तर मग हातात घड्याळ कशाला हो? शाळेत दोनदा आपटलेला माणूस मी. वडील तेव्हा म्हणाले होते, "परत नापास झालास तर डोकं फोडीन." ते बरं विसरत नाही.

आता मी शिंपी, आणि मला फिट येतात, अकरा वर्षं झाली. मध्ये एकदा कापड बेतता बेतताच आली. शुद्धीवर आलो तर बायको माझं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेली. तेव्हापासून कात्री कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली तिच्याकडे. गोळ्या खाऊन खाऊन थकलो. डॉक्टर म्हणाले, मेंदूतला तेवढा फिटचा तुकडा काढून टाकू, पण आधी स्मरणशक्ती तपासणाऱ्या या बाईंकडे जा, तुकड्याबरोबर आणखी काय जाईल ते त्या तपासतील.

बाई चित्रं दाखवायला लागल्या. हे काय? शिडी. हे? छत्री. हे? ...ते हो, ते... आपलं हे... बोटं चालवून दाखवली, पण शब्द काही येईना. शिंप्याला कात्री आठवेना! दरदरून घाम फुटला. बाई म्हणतात, राहू द्या, ही परीक्षा नाही.

मग म्हणाल्या, बारा शब्द वाचते, अर्ध्या तासानं सांगा. दोरी, लिंबू, शिट्टी, चटई... खडू तर माझ्या खिशात असतोच. टेबलाखाली, काळ्या पँटवर, मांडीवर बाराच्या बारा उतरवून घेतले, आणि अर्ध्या तासानं धडाधड म्हणून दाखवले. म्हटलं, घ्या, झालो पास.

पुढच्या आठवड्यात बायकोला घेऊन गेलो, तर बाईंसमोरच डॉक्टर म्हणतात, "ऑपरेशन नको. शब्द इतके छान लक्षात राहतात, म्हणजे तो तुकडा चांगला चालतोय, काढला तर तेच जाईल." ऐकलंत? मार्क चांगले पडले म्हणून ऑपरेशन रद्द! बायको नुसती ती कपाटाची किल्ली बोटात फिरवत बसली... मला बघवेना हो. म्हटलं, बाई, शब्द डोक्यात नव्हते, मांडीवर होते.

कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "तरी म्हटलं, कात्री आठवत नाही आणि शिट्टी बरी आठवते." खडू काढून घेतला, नवे बारा शब्द वाचले. आठवले तीन! डॉक्टर म्हणाले, शब्दांचं काम तिथं आधीच बंद पडत आलंय, काढून फारसं जायचं नाही, करू ऑपरेशन. बायको रडली, आणि मग जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटली, आमचे हे नापास झाले म्हणून.

बुधवारची तारीख मिळालीय. वडील बिचारे नुसते बोलायचे, डोकं फोडीन... इथं मी स्वतः सही करून आलोय.