शांत समुद्राचे मासे

कानाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक पाणबुड्या कानाला कापूस लावून बसला होता, सोबत त्याची मोठी बहीण.

“ताई, मत्स्य खात्याच्या साहेबांनी अहवालात लिहिलंय, प्रवाळावर शेवाळ खाणारे मासे भरपूर आहेत, खुशाल पकडा!”

“पण मासे तूच मोजलेस ना?”

“समुद्र शांत असेल तेव्हाच मोजायला नेतात! लाटा उसळल्या की मासे खोल पाण्यात पळतात. मग प्रवाळावर माजून त्याला मारणारं शेवाळ काय साहेब चरणार?”

“हळू बोल. त्यांना सांगायचंस की.”

“सांगितलं! म्हणाले, लाटांत मोजून दाखव. गेलो, कान फोडून घेतला.”

“किती दिसले?”

“एकही नाही.”

“मग?”

“म्हणाले, हवामान खराब होतं, ही मोजणी धरता येत नाही.”